पुरणाला मोकळी बाई

पाळी कायमची गेली की आमच्या घराण्यात बाईला मोकळी म्हणतात. "झाली वं तू मोकळी," असं म्हणणारी बाई आपला हेवा करते की आपली कीव करते, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मोकळ्या बाईचा भाव वर्षातून एकदा चढतो, तो भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या वेळी. अकोल्याला माझ्या मोठ्या दिरांकडे महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात, आणि त्या मधल्या दिवसाच्या जेवणासाठी घरातल्या बायका आठवडाभर मरतात. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे आणि सगळ्यांच्या वर पुरण. बाकी कशालाही कोणीही हात लावावा, पुरण मात्र मोकळ्या बाईनंच सोवळ्यात शिजवायचं, अशी सासूबाईंनी घालून दिलेली रीत. सासूबाई गेल्या, रीत राहिली.

हे स्वयंपाकघर सासूबाईंनी माझ्या मोठ्या जावेच्या हाती दिलं. आम्ही तिला बाई म्हणतो. तिची पाळी शेहेचाळिसाव्या वर्षी गेली, त्याच वर्षी तिला पुरण मिळालं, आणि तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत त्या घरात देवीच्या खालोखाल तिचाच शब्द चालतो. खरं सांगायचं तर देवीपेक्षाही जास्त, कारण देवी कोणाला शिव्या देत नाही. पुढची बाई मोकळी झाली की ती पुरणाला लागते आणि आधीची हळूहळू पाटावर बसून नुसतं सांगायच्या कामाला जाते, असं आमच्याकडे चालत आलेलं. बाईच्या नंतर मी. हे बाईला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

बाकीच्या, म्हणजे अजून मोकळ्या न झालेल्या बायकांसाठी बाईकडे एक स्टीलची डबी होती. सण जवळ आला की समोरच्या मेडिकलमधून गोळ्यांच्या पट्ट्या यायच्या, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, आणि बाई त्या गोळ्या कात्रीनं कापून डबीत भरायची. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. घरात त्यांना देवीची गोळी म्हणत. सून, माहेरी आलेल्या लेकी, दहावीतली भाची, सगळ्यांच्या हातावर जेवणानंतर एकेक. "घे वं, पान्यासोबत घे, चावू नोको." मीसुद्धा, आधी सासूबाईंच्या आणि मग बाईच्या हातून, पंचवीस वर्षं गिळल्या. डोकं ठणकायचं, छाती दुखायची, आणि सण आटोपून दोन दिवसांनी अमरावतीला परत येताना गाडी बडनेऱ्याला पोचायच्या आत साडी खराब व्हायची. त्या गोळीत काय आहे, ती शरीरात जाऊन काय करते, हे कोणी कधी विचारलं नाही. मी जीवशास्त्र शिकवते. मीही विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं आणि विचारून उपयोग नव्हता.

अमरावतीत एका क्लासमध्ये मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेते. मोठी बॅच माझ्याकडे असते, तीच माझी मिरवायची जागा. पन्नाशीला पाळी अडखळत अडखळत गेली आणि माझं डोकं घेऊन गेली. फळ्यासमोर उभी असताना पोटातून गरम वाफ निघायची, मानेवर, गालावर, टाळूपर्यंत जायची, आणि भर थंडीत ब्लाऊज पाठीला चिकटायचा. मागच्या बाकावरची पोरं "मॅडमला फॅन लावा" म्हणून हसायची. तेही चाललं असतं. पण एक दिवस मला मूत्रपिंड हा शब्द आठवेना. वीस वर्षं शिकवलेला शब्द. मी हातातल्या खडूनं त्या अवयवाचं चित्र काढत राहिले आणि पोरं वाट बघत राहिली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच सांगितला, आणि मी तिच्यावरच ओरडले. रात्री झोप नाही, दिवसा धीर नाही. महिनाभरात संचालकांनी चहाला बोलावून विचारलं की मोठी बॅच यंदा नव्या मॅडमना दिली तर माझी काही हरकत आहे का. नव्या मॅडम म्हणजे माझीच एक विद्यार्थिनी. तिला मी पेशीविभाजन शिकवलं होतं.

मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

अमरावतीत डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. इथल्या कोणत्याही बायांच्या दवाखान्यात बाकावर माझ्या विद्यार्थ्यांच्या आया बसलेल्या असतात. म्हणून मी अकोल्याची एक वयस्क डॉक्टरीण धरली. बाईला भेटायला जाते सांगायचं, दवाखान्यात जायचं, आणि मग खरंच बाईकडे जाऊन चहा प्यायचा. डॉक्टरीण कमी बोलणारी. तिने आईला काय झालं होतं, बहिणीला काय झालं, छातीत गाठ, पायात रक्ताची गुठळी, सगळं खोदून विचारलं, तपासण्या केल्या, धोका काय ते न लपवता सांगितलं आणि हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. एक रोजची, एक महिन्यातले काही दिवस. "महिन्याला थोडं अंगावरून जाईल," ती म्हणाली. "वेळेत आलात. पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेल्या बाईला मी शक्यतो हे सुरू करत नाही. तिला दुसरी औषधं असतात, पण ही नाही."

महिना-दीड महिन्यात मी माणसात आले. पडल्याबरोबर झोप लागायला लागली. फळ्यावर शब्द आपोआप यायला लागले, मूत्रपिंडापासून मेंदूपर्यंत सगळे. संचालकांनी बॅचचा विषय पुन्हा काढला नाही. नव्या मॅडमचं तोंड जरा उतरलं, ते बघून मला फार बरं वाटलं.

बायकांना मात्र मी सांगायला नको होतं. क्लासमधली रसायनशास्त्राची मॅडम दर पंधरा दिवसांनी केस रंगवते आणि वजन उतरवायची कसली कसली पूड दुधातून पिते. ती म्हणाली, "निसर्गाच्या विरोधात कशाला जाता?" शेजारची भाभी हसून म्हणाली, "क्या दीदी, फिरसे जवान होना है क्या?" एकीनं शतावरी सुचवली, एकीनं सोयाबीन, एकीनं मौन. हार्मोन हा शब्द काढला की सगळ्यांच्या तोंडी पुढचा शब्द कॅन्सर. ज्यांना कॅन्सरची भीती नव्हती त्यांना लाज होती. मला गरम वाफा येतात हे सांगितलं की बायका मायेनं हात धरायच्या. त्या थांबल्या म्हटलं की हात सोडायच्या.

तरी यांपैकी कोणी मला दगा दिला नाही. तो दिला माझ्या नवऱ्यानं. माझे मिस्टर सरकारी कचेरीत आहेत, भांडण म्हटलं की त्यांना लघवीला लागते. अकोल्याला कॉलेज करताना ते दादा-वहिनीकडे राहिले, वहिनीच्या हातचं खाऊन पदवीधर झाले, त्यामुळे वहिनीचा शब्द त्यांना अजून खाली पडू देववत नाही. त्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी आम्ही दोन दिवस आधीच अकोल्याला गेलो. बॅगा ठेवल्या न ठेवल्या तोच त्यांनी अंगणात चहा पिता पिता सांगून टाकलं, "वहिनी, तुमीच समजावा इले. हार्मोनच्या गोळ्या खाऊन राहिली."

बाई कडधान्य निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कायच्या?"

मी सांगितलं. सोप्या भाषेत, जसं पोरांना सांगते तसं. शरीरातून जे कमी झालं ते थोडंथोडं बाहेरून द्यायचं.

"आमी काय जळलो नाई का वं?" बाई म्हणाली. "रातरातभर आंगावर वल्ला टावेल घेऊन पडली मी. मेली का? येते अन् जाते ते. म्हातारपनी तरनं व्हाची हौस कायले पाहिजे तुले?"

मग तिने मावसबहिणीचं काढलं. मावसबहीण छातीच्या गाठीनं गेली होती. तिने जन्मात हार्मोनची एक गोळी घेतली नव्हती, पण कॅन्सर शब्द एकदा तोंडातून निघाला की त्या घरात पुढे कोणी ऐकत नाही. मिस्टर खाली बघत बशी पुसत होते. बाईची सून दाराशी उभी होती; बिचारीनं सकाळीच देवीची गोळी घेतलेली, अर्धं डोकं धरून उभी.

"ह्या डबीतल्या गोळ्या बी हार्मोनच्याच हायेत, बाई," मी म्हटलं. "अन् माह्यावाल्याहून जास्त ताकदीच्या."

"त्या देवीसाठी हायेत," बाई म्हणाली. "तू कोनासाठी खातं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. स्वतःसाठी. पण ते त्या अंगणात म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि हे मला गोळ्यांपेक्षाही जास्त झोंबलं. बाईनं हात पुढे केला. देवीच्या घरात हे चालायचं नाही, सण होईस्तोवर बंद, आणि सणानंतर कायमच्या बंद. तिच्या लहान दिरानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तसा शब्द दिला आहे, असं ती म्हणाली. मी मिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी बशी आणखी पुसली.

मी त्या वेळी एक गोष्ट सांगितली, आणि ती सगळ्यांच्या समोर सांगितली. डॉक्टरणीशी बोलून मी सणाचा हिशोब आधीच बसवला होता. दुसरी गोळी सण संपेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे मध्ये काही होणार नाही. म्हणून मी म्हणाले, "मधातच बंद केल्या तं अडचन येईन, बाई. तीन-चार दिवसांत येईन."

बाई हसली. "गेल्ली पाळी कुठं वापस येते? काही बी सांगतं."

डबीतली गोळी सोडली की पोरी कितव्या दिवशी बाहेर बसतात हे बाईला तोंडपाठ होतं. विसर्जन झालं की ती बोटं मोजून सांगायची, ही परवा बसेल, ती तेरवा. तीच बाई मला म्हणत होती की असं कधी होत नाही. मी पर्समधून दोन्ही पट्ट्या काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या डबीत, त्याच गोळ्यांच्या वर ठेवल्या आणि झाकण लावलं.  मी मनात दिवस मोजले आणि ते बरोबर जेवणाच्या दिवसावर येऊन थांबले.

पुढच्या दोन दिवसांत वाफा परत आल्या, झोप गेली. मी भाज्या चिरल्या, डाळ निवडली, महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसून दिले. कोणाशी भांडले नाही. "पाय, कशी निमूट झाली," असं बाई सुनेला म्हणाली, ते मी ऐकलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी बाईनं मला पुरणाला लावलं. दुसरी मोकळी बाई घरात नव्हती आणि मागच्या थंडीत मोरीत घसरून बाईचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं तरी डाळ घोटायला जोर नव्हता. मी न्हाऊन सोवळ्यात चुलीसमोर बसले. डाळ चढवली. डाळ अर्धी शिजली तेव्हाच मला कळलं. ओटीपोटात ती जुनी, ओळखीची कळ आली, मी पोट दाबून धरलं, आणि मागोमाग ओल.

तेव्हाच उठले असते तर फक्त डाळ गेली असती. कोणीतरी दुसरी डाळ टाकली असती, मी मागच्या खोलीत जाऊन बसले असते, बाईनं दोन शिव्या दिल्या असत्या आणि सण पार पडला असता. मी उठले नाही. डाळ शिजवली, गूळ घातला, घोटली, वेलदोडा-जायफळ घातलं. वडे तळणाऱ्या सुनेला हात दिला. आंबिलीत पळी फिरवली. कढीची फोडणी मीच दिली. एकेका भांड्याला मी मुद्दाम हात लावत गेले. सोळाच्या सोळा भाज्या माझ्या हातून पुढच्या खोलीत गेल्या. पानं मांडली, गल्लीतली माणसं पायरीवर चपला काढायला लागली, भटजींनी नैवेद्याचं ताट मागितलं, तेव्हा मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, मले अडचन आली."

 पुढच्या खोलीत भटजींचा आवाज मध्येच थांबला.

माझा विटाळावर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. रक्त म्हणजे काय ते मी पोरांना वर्षभर शिकवते. पण बाईचा होता, आणि त्या क्षणी मला तेवढं पुरेसं होतं. बाईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिने त्या मांडलेल्या पानांकडे पाहिलं, पुरणाच्या पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला इतका आनंद फार वर्षांत झाला नव्हता.

सगळं अन्न गाईला आणि गड्यांना गेलं. स्वयंपाक पुन्हा झाला. नैवेद्य दिवे लागायच्या वेळी दाखवला. बाईनं उपाशीपोटी, त्या मोडक्या मनगटानं पुरण पुन्हा घोटलं आणि सुनेनं वडे पुन्हा तळले, देवीच्या गोळीनं ठणकणारं डोकं घेऊन. सुनेचं मला वाईट वाटलं. तिचं एकटीचं.

मी मागच्या खोलीत, जिथे सरकीची पोती ठेवतात, तिथे सतरंजीवर बसले होते. सून माझं ताट घेऊन आली आणि शिवू नये म्हणून उंबऱ्यावरूनच तिने ते आत सरकवलं. क्षणभर उभी राहिली.

"काकू, तुमाले कवा कळलं?"

"तवाच," मी म्हणाले. "नैवेद्य मागतला तवाच."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती गेली. तिला पटलं नव्हतं. पण तिने सासूला काही सांगितलं नाही, निदान मला तसं वाटलं.

मिस्टरांनी संध्याकाळी डॉक्टरणीला फोन लावला. डॉक्टरीण फोनवरसुद्धा कमी बोलते. गोळ्या मध्येच बंद केल्या तर असंच होणार, असं तिने सांगितलं, आणि बंद करायला कोणी सांगितलं म्हणून विचारलं. मिस्टर म्हणाले, "घरच्यांनी." ते घाम पुसत बाईकडे गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण विसर्जन झाल्यावर, आम्ही निघताना, बाईनं डबीतून माझ्या पट्ट्या काढून मिस्टरांच्या हातात दिल्या आणि चार बायकांत म्हणाली, "इची गोळी बंद पडू देऊ नोको बावा. पुढच्या वर्सी असं व्हाले नाई पाहिजे. रोज तूच देत जा."

तेव्हापासून माझे मिस्टर रोज जेवण झालं की पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन माझ्यासमोर उभे राहतात. माझी झोप, माझी बॅच, माझं डोकं, यातल्या कशासाठीही त्यांनी हे केलं नसतं. वहिनीच्या पुरणासाठी करतात. मी गोळी घेते आणि पेला त्यांच्याच हातात परत देते. मोठी बॅच माझ्याकडेच आहे.

पुढच्या वर्षी डॉक्टरणीनं गोळ्या बदलून दिल्या, महिन्याचं जाणं बंद झालं, आणि मी पुन्हा अकोल्याला चुलीसमोर बसले. या वेळी बाई पाटावर बसून सांगणार आणि मी घोटणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दिरांनी तसं म्हटलं होतं. बाई पाटावर बसली नाही. माझ्याशेजारी उकिडवी बसून डाव तिनेच हातात ठेवला. डबीतल्या गोळ्या वाटून झाल्या होत्या. सुनेला तिने फुलं आणायला पाठवलं, भाचीला कढीपत्त्याला. आम्ही दोघीच उरलो तेव्हा तिने पातेल्याकडेच बघत विचारलं, "त्यानं झोप लागते का वं?"

"लागते," मी म्हणाले. "पडल्याबरोबर लागते."

"अन् त्या वाफा?"

"नाई येत आता."

ती डाळ ढवळत राहिली. तिचं पोलकं पाठीवर ओलं होतं. मला वाटलं होतं चुलीची धग. पण तिच्या मानेवर लाल चट्टा चढत होता आणि तो कसा चढतो ते मला माहीत होतं. चौसष्टाव्या वर्षी. पहाटे उठून ती भांडी घासते, अंगण झाडते, आणि सगळं घर त्याला भक्ती म्हणतं.

"मले देईन का तुही डॉक्टरीन?"

दुसरी औषधं असतात, असं डॉक्टरीण म्हणाली होती. मी तिला घेऊन जाऊ शकले असते, दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. मी म्हणाले, "नाई देनार. पाळी गेल्यावर दहा वर्सांच्या आत सुरू करा लागते. तुमचा टाइम गेला, बाई." वर्गात चुकलेलं उत्तर खोडावं तशा सुरात म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते म्हणायला मजा आली.

बाईनं डाव पातेल्यात तळापर्यंत फिरवला. मग म्हणाली, "मले देल्ली होती तवा. एका डॉक्टरीनीनं. चिठ्ठी देल्ली होती. महिन्याले थोडं जाईन म्हने त्यानं."

"मंग?"

"मंग काय. त्याच वर्सी सासूबाईनं सैपाकघर देल्लं होतं मले. मोकळी झाली म्हनून देल्लं होतं. महिन्याले बसा लागलं असतं तं काढून घेतलं असतं त्याइनं. फाडली चिठ्ठी."

मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे त्या गोळ्यांनी काय होतं हे बाईला मी सांगायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. अंगणात ती जे हसली होती ते न कळून हसली नव्हती. मी चुलीकडे बघत विचारलं, "मंग माह्या गोळ्या काहून घेतल्या?"

"तू सकाळीच उठून सांगशीन असं वाटलं मले," ती म्हणाली. "तू भाईर बसशीन, पुरन मी करीन. मले का मालूम तू पुरन होऊ देशीन." तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. "सुनेनं सांगतलं मले. डाळ अर्धी शिजली तवाच तू पोट धरलं होतं, तिनं पायलं."



"झोप बी तुलेच," बाई म्हणाली, "अन् सैपाकघर बी तुलेच?"

बाहेर सुनेचा आवाज आला, फुलं आणली होती. पुरण खाली लागायला लागलं होतं, त्याचा वास येत होता. मी बाईच्या हातातल्या डावाला हात घातला. तिने सोडला नाही. मी जोरानं ओढला. त्या मनगटात आता काही उरलेलं नव्हतं, डाव सहज माझ्या हातात आला.